पिल्लू सारखं आजारी पडतंय? गावात राहून जातिवंत कुत्र्याचं दुखणं कसं सांभाळायचं

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतही आता लॅब्राडॉर (म्हणजे लॅब), जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, क्वचित एखादा पगसुद्धा दिसतो. कोणी शेतावर राखणीला आणतं, कोणी पोराच्या हट्टापायी. पहिले दोन-तीन महिने कौतुकात जातात. मग कान खाजवणं सुरू होतं, नाहीतर हगवण थांबत नाही, नाहीतर सात महिन्यांचं पिल्लू मागच्या पायानं लंगडायला लागतं. दवाखान्यात नेलं, इंजेक्शन झालं, आठ दिवस बरं, आणि पुन्हा तेच. हा लेख त्या ‘पुन्हा तेच’साठी आहे.

गावात डॉक्टर मिळत नाही असं नाही. ढोरडॉक्टर मिळतो, तो मदतही करतो. पण आज तालुक्याचा डॉक्टर पाहतो, पुढच्या महिन्यात यवतमाळचा, मग कोणाच्या ओळखीनं नागपूरचा. प्रत्येकाला दुखण्याचा एकेक तुकडा दिसतो. सगळं दुखणं पहिल्या दिवसापासून पाहिलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. म्हणून यातली निम्मी कामं औषधाची नाहीतच, नीट पाहण्याची आणि लिहून ठेवण्याची आहेत.

आधी वेळ ओळखा

काही लक्षणांत वही-बिही काही नाही, गाडी काढायची. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हगवण लागली तर पार्व्हो या विषाणूच्या आजाराचा संशय धरा, विशेषतः लसी अर्धवट असतील तर. रॉटवायलर, डॉबरमन आणि जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त घातक ठरतो. शेजारी सांगेल, “कुत्र्याले काय होते बावा, दोन रोज उपाशी ठेव, होते बरं.” पार्व्होत दोन रोज म्हणजे फार उशीर, सलाईन त्याच दिवशी लागतं. हिरड्या पांढऱ्या पडणं, चहासारखी किंवा कॉफीसारखी लघवी, पोट एकदम फुगून नुसते ओकारे येणं, पाच मिनिटांपेक्षा लांबलेला झटका, आणि उन्हात कोसळणं, ही सगळी त्याच दिवशीची कामं.

एक वेगळी गोष्ट. रेबीजची लस न झालेलं कुत्रं अचानक विचित्र वागायला लागलं, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. कुत्र्याला वेगळं कोंडा, डॉक्टरला फोनवर लक्षणं सांगा. चावलं किंवा लाळ जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

बाकीचं, म्हणजे खाज, लंगडणं, पातळ शी, कानाचा वास, अधूनमधूनचा ताप, हे घाईचं नाही. पण तेच वर्षभर छळतं.

वही

शाळेची दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर जन्मतारीख, कोणाकडून घेतलं, लसींच्या तारखा, जंताच्या औषधाच्या तारखा. लसीकरण कार्डाचा फोटो मोबाईलमध्येही असू द्या, कार्ड हमखास पावसात भिजतं. नंतर रोजचं दोन ओळींत: किती खाल्लं, शी कशी झाली, कुठे खाजवलं, औषध काय दिलं. दर रविवारी वजन. मोठं कुत्रं काट्यावर उभं राहत नाही. त्याला उचलून तुम्ही उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. उचलता येत नसेल तर गावातल्या धान्य व्यापाऱ्याचा काटा आहेच.

ताप हातानं बघू नका. नाक गरम की थंड यावरून काहीही कळत नाही, हा समज मात्र सगळीकडे आहे. मेडिकलमधून साधं डिजिटल थर्मामीटर आणा, कुत्र्यासाठी वेगळं ठेवा, टोकाला थोडं खोबरेल तेल लावून गुदद्वारात हलकेच घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे माणसाला ताप वाटेल असा आकडा कुत्र्याला अगदी ठीक. आराम करताना १०३ च्या वर गेलं तर ताप समजा.

चालण्याचे, झटक्याचे, खोकण्याचे व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर तेच कुत्रं शहाण्यासारखं चालतं आणि डॉक्टर तुमच्याकडे बघत बसतात. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिथे फार कामाला येतो.

कोणाकडे कशासाठी जायचं

गावाच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसी, जंताचं औषध, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग ही कामं होतात. पशुधन विकास अधिकाऱ्यांवर गाई-बैल-शेळ्यांचा भार असतो, सकाळी गर्दी असते. फोन करून दुपारी गेलात तर कुत्र्याकडे नीट बघायला वेळ मिळतो. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे, पण तो मुख्यतः जनावरांसाठी. कुत्र्यासाठी त्याच्या भरवशावर बसून राहू नका.

एक्स-रेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा खासगी पेट क्लिनिक. सोय आहे का, मशीन चालू आहे का, हे निघण्याआधी विचारा.

महिनोन् महिने उलगडत नसलेल्या दुखण्यासाठी विदर्भात दोन ठिकाणं आहेत. नागपूरला सेमिनरी हिल्स भागात १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था. दोन्ही ‘माफसू’च्या, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. तिथे औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, विकृतिशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांची माणसं एकाच आवारात असतात, आणि लांबलेल्या दुखण्याला तेच हवं असतं. सकाळी लवकर पोहोचा, आधीचे सगळे कागद तारखेनं लावून न्या, आणि भूल द्यावी लागेल अशी शक्यता असेल तर कुत्र्याला किती वेळ उपाशी ठेवायचं हे आदल्या दिवशी विचारून घ्या. दीडशे किलोमीटर जाऊन ‘खाऊन आलाय, उद्या या’ ऐकायला लागू नये.

शेवटी एक डॉक्टर ‘आपला’ ठरवा. नागपूरचा सल्ला घ्या, पण त्याचा कागद त्या डॉक्टरला दाखवा. दर महिन्याला नवा डॉक्टर पाहणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एकच अँटिबायोटिक तीन नावांनी जातं.

रक्ताचा रिपोर्ट वाचताना

तालुक्याला कुत्र्यांच्या रक्ततपासणीची वेगळी लॅब नसते. रक्त माणसांच्या पॅथॉलॉजीत जातं. तिथे दोन घोळ होतात.

पहिला, कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ची पट्टी माणसाची असते. पांढऱ्या पेशी १४,००० आल्या की शेजारी ठळक ‘हाय’ छापून येतं आणि घरात रडारड. कुत्र्यात साधारण ६,००० ते १७,००० हे ठीकच मानतात. उलट प्लेटलेट १ लाख ६० हजार आल्या तर माणसाच्या पट्टीत सगळं आलबेल दिसतं. कुत्र्यात साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात, म्हणून डॉक्टर इथे थांबून विचार करतात. तेव्हा कागदावरचे ‘हाय-लो’ विसरा, आकडे डॉक्टरला वाचू द्या.

दुसरा, मशीन माणसाच्या रक्तासाठी लावलेलं असतं आणि कुत्र्याच्या प्लेटलेट मोजताना चुकू शकतं. प्लेटलेट कमी आल्या तर काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. त्याच काचपट्टीत गोचीड तापाचे जंतूही कधीकधी दिसतात. काचपट्टी औषध सुरू करायच्या आधी, ताप असताना घेतलेली बरी. नमुना बाहेरगावी पाठवायचा तर जांभळ्या झाकणाच्या नळीत, बर्फाच्या थर्मासमध्ये, पण नळी थेट बर्फाला लागणार नाही अशी कागदात गुंडाळून. काचपट्टी मात्र कोरडी ठेवा, बर्फात नको. नळीवर कुत्र्याचं नाव, वय आणि ‘कुत्रा’ हा शब्द लिहा. नुसतं ‘शेरू’ लिहिलं की लॅबवाला त्याला माणूस समजतो.

गोचीड

विदर्भातल्या कुत्र्याच्या ‘पुन्हा तेच’ला सगळ्यात जास्त जबाबदार कोण, असं मला कोणी विचारलं तर मी गोचिडीचं नाव घेईन. ताप येतो, जेवण तुटतं, कुत्रं मलूल होतं, कधी नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके दिसतात. इंजेक्शननं ताप उतरतो, महिन्यानं परत. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे या तापाचे दोन मोठे जंतू. एर्लिकियावर डॉक्टर साधारण २८ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि बहुतेक घरांत गोळ्या तिथेच थांबतात. जंतू अंगात राहतो, महिन्यांनी डोकं वर काढतो, आणि तेव्हा अस्थिमज्जेपर्यंत पोहोचलेला असू शकतो. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त जोरानं येतो. ही गोळी दुधातून देऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे ती कमी लागू पडते. आणि कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकून चट्टा पडतो. घासभर जेवण, गोळी, पुन्हा घासभर जेवण.

बॅबेसियात रक्ताच्या तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. त्याचं औषध वेगळं आहे. म्हणून दरवेळी ‘गोचीड ताप दिसतोय’ म्हणून डॉक्सी सुरू करणं पुरत नाही. दुसऱ्यांदा ताप आला की जंतू कोणता ते शोधायला सांगा. काचपट्टीत दिसलं नाही तर पीसीआर तपासणी असते, ती मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते.

आता मूळ उपाय. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड बैलाच्या अंगावरून आलेली नसते. गोठ्यातल्या जनावरांची गोचीड बहुधा वेगळ्या जातीची. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, पत्र्याच्या वळचणीला अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी. अंगावर दिसतात त्या थोड्या, घरात लपलेल्या जास्त. त्यामुळे नुसतं कुत्र्याला धुऊन काही होत नाही. भेगा माती-सिमेंटनं बुजवा, त्याचं पोतं-गोधडी आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका, झोपायची जागा कोपऱ्यातून काढून मोकळ्यावर आणा. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका, काडी पेटवून तर अजिबात नाही.

कुत्र्याला खायच्या गोळ्या मिळतात: अफॉक्सोलॅनर महिनाभर चालते, फ्लुरालॅनर गोचिडीसाठी साधारण १२ आठवडे. किंमत ऐकून माणूस मागे सरतो, पण गोळीची किंमत तिच्या आठवड्यांनी भागून पाहा आणि एका गोचीड तापाच्या खर्चाशेजारी ठेवा. मात्र कुत्र्याला झटके येत असतील तर हे आधी डॉक्टरला सांगा. या गटाच्या गोळ्या अशा कुत्र्यांत जपून वापरतात.

आणि हे अगदी स्पष्ट लिहितो. गाईवर मारायचं गोचिडीचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालू नका. कपाशीवरचं फवारणीचं औषध तर घरातल्या कोणत्याही जिवाजवळ नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, तेच औषध कुत्रं आपल्या अंगावरून चाटतं. जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन ‘थोडंसं’ म्हणून कुत्र्याला टोचणारेही भेटतात. कोली ही कुत्र्याची जात आणि तिच्या नात्यातल्या काही जातींत एका जनुकीय दोषामुळे ते औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं बेशुद्ध पडतं.

खाज

खाजेला एक नाव नाही, म्हणूनच ती लांबते. डॉक्टरला विचारायचा पहिला प्रश्न: कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का? या साध्या तपासणीनं निम्मा गोंधळ मिटतो.

दीड वर्षाखालच्या कुत्र्याच्या डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर केस जाऊन टक्कल पडलं तर डेमोडेक्स हा किडा असू शकतो. तो पिल्लाला आईकडून पहिल्या दिवसांतच मिळतो, माणसाला लागत नाही, आणि दोन-चार ठिकाणीच असेल तर बहुतेक पिल्लांत आपोआप जातो. अंगभर पसरला तर उपचार लागतात. उलट कानाच्या कडा, कोपरे आणि पोट भयंकर खाजत असेल आणि घरातल्या माणसांच्या हातावरही पुरळ उठलं असेल तर ती खरूज. तीही किड्याचीच, पण लागट.

किडा सापडला नाही आणि सहा महिने ते तीन वर्षं या वयात पंजे चाटणं, कान, काखा, पोट लाल होणं सुरू झालं, तर अ‍ॅलर्जीचा विचार करतात. लॅब, पग, जर्मन शेफर्ड यांत ती घराण्यातच असते. ही बरी होत नाही, आटोक्यात राहते. हे एकदा मनाशी पक्कं झालं की दर महिन्याचा नवा डॉक्टर थांबतो.

गावात यावर सर्रास मिळतं ते स्टेरॉइडचं इंजेक्शन. एका रात्रीत खाज बंद. पंधरवड्यानं पुन्हा. असं वर्षभर चाललं की कुत्रं ढसाढसा पाणी पितं, घरात मुततं, पोट सुटतं, कातडी पातळ होते, आणि डेमोडेक्स असेल तर तो अंगभर पसरतो. स्टेरॉइड वाईट औषध नाही. पण काय टोचलं त्याचं नाव वहीत हवं, आणि किती दिवस, कमी कसं करायचं, हे लेखी हवं. बरेच दिवस गोळ्या चालू असतील तर एकदम थांबवायच्या नाहीत. खाजेसाठी ऑक्लासिटिनिब नावाची गोळीही मिळते, पण ती एक वर्षाच्या आतल्या कुत्र्याला देत नाहीत.

घरी करण्यासारखं बरंच आहे. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवून मग धुवा. लगेच धुतला तर पैसे वाया. पावसाळ्यात शेतातून आल्यावर पायाची बोटं आणि कान कोरडे करा. कानाला आंबूस वास येत असेल तर आत तेल सोडू नका. हळद-कडुनिंबाचा लेप मी टाळतो. कुत्रं तो चाटतं आणि ओली कातडी आणखी चिघळते.

खाण्याची अ‍ॅलर्जी पाहायची तर आठ आठवडे एकच, आधी कधी न खाल्लेलं मांसान्न द्यावं लागतं. कोंबडी नेहमीची असेल तर मासळी, असं. खेड्यात हा प्रयोग शेजारच्या आजीच्या चपातीनं आणि पोरांच्या पारले बिस्किटानं मोडतो. आठ आठवडे कुत्रं बांधून ठेवावं लागेल आणि आजीला समजवावं लागेल. यातलं दुसरं अवघड.

लंगडणं आणि कॅल्शियमची बाटली

मोठ्या जातीचं पिल्लू पाच ते अठरा महिन्यांत लंगडलं तर प्रत्येक वेळी काहीतरी मोडलेलं नसतं. आज पुढचा डावा, पंधरा दिवसांनी मागचा उजवा, असं पाय बदलत लंगडणं हाडांच्या वाढीच्या सुजेमुळे असू शकतं. जर्मन शेफर्डमध्ये हे बरंच दिसतं आणि वाढ संपल्यावर जातं. पण उठताना वेळ लागणं, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलणं, पायऱ्या टाळणं ही खुब्याच्या सांध्याच्या दोषाची लक्षणं. त्याचा एक्स-रे गुंगी देऊन, पाय सरळ ताणून घेतात. जागेपणी घाईनं काढलेल्या एक्स-रेवरून खुबा ठरत नाही.

यावर घरोघरी एकच उपाय चालतो: कॅल्शियमचं सिरप. ‘हाडं मजबूत होतील.’ मोठ्या जातीच्या पिल्लाच्या आतड्याला ते जास्तीचं कॅल्शियम शोषणं रोखता येत नाही, आणि हाडांची वाढच बिघडते. पिल्लांचं चांगलं तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियम नकोच. नुसत्या दूध-चपातीवर वाढवत असाल तर आहार तोकडा आहे, पण त्याचाही इलाज बाटली नाही, आहार बदलणं हा आहे.

सांध्याला खरा आराम देतं ते कमी वजन. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत अभ्यास झाला. त्यात जोडीतल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. आपल्याकडे गुबगुबीत लॅब म्हणजे घरात सुबत्ता. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, एवढंच वजन ठेवा. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर त्याच्या वावराच्या जागी जुनी सतरंजी अंथरा. सारवलेलं अंगण असेल तर प्रश्नच मिटला, मातीत पाय घसरत नाही.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही मनानं नको.

पोट

सतत पातळ शी होणाऱ्या पिल्लाची आधी शी तपासा, ताजी, सकाळची. जंत आणि जिआर्डिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म जंतू हे दोन नेहमीचे. दूध बंद करून आठवडाभर बघा, कितीतरी पिल्लांचं दुखणं इथेच संपतं. सावजी रश्श्यातली हाडं आणि कांदा-लसणाचं कालवण पूर्ण बंद. शिजलेलं हाड फाटून आतड्यात टोचतं आणि कांदा-लसणानं तांबड्या पेशी फुटतात. जर्मन शेफर्ड हावरटासारखं खात असेल, ढीगभर फिकट, तेलकट शी करत असेल आणि तरी हाडं दिसत असतील, तर स्वादुपिंडाची पाचक रसं कमी पडत असल्याची शक्यता डॉक्टरला बोलून दाखवा. रक्ताच्या तपासणीनं ते कळतं आणि जेवणात पाचकाची पावडर मिसळून असं कुत्रं चांगलं जगतं.

झटके

अपस्माराचे झटके बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतात. झटका आला की गाव जमतं, कोणी कांदा आणतं, कोणी चप्पल हुंगवायला. सगळ्यांना लांब करा. तोंडात हात, चमचा, पाणी काही नको. कुत्रं जीभ गिळत नाही, पण तुमचं बोट नक्की तोडेल. घड्याळ पाहा, डोक्याखाली काही मऊ सरकवा, पंखा लावा, एकानं व्हिडिओ काढा. पाच मिनिटांच्या वर गेला किंवा एका दिवसात दोन-तीन आले तर दवाखाना.

रोजची गोळी सुरू झाली, बहुधा फेनोबार्बिटोन, तर ती दर बारा तासांनी आणि वर्षानुवर्षं. ही प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत; घरात दोन आठवड्यांचा साठा उरला की नवी आणा. गोळी अचानक बंद पडली तर आधीपेक्षा मोठे झटके येतात. रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि यकृत ठरलेल्या वेळी तपासून घ्या. तान्हा पोळा, दिवाळी, लग्नाचा डीजे, अशा दिवशी कुत्रं आतल्या खोलीत.

उन्हाळा

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो. आधीच आजारी असलेल्या कुत्र्याला हा महिना सगळ्यात जड. चपट्या नाकाच्या पगला तर धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही. तो इथे पाळावा का, यावर माझं मत ‘पाळू नये’ असंच आहे, पण आणलाच असेल तर त्याला कूलरसमोरची जागा द्या. फिरवणं पहाटे साडेपाचला. नागपूरची खेप असेल तर रात्री निघा, पहाटे पोहोचा. उन्हात कोसळलं तर साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला, तापमान १०३.५ ला आलं की थांबा आणि मग दवाखान्यात न्या. पूर्ण थंड होईपर्यंत घरी थांबायचं नाही, आणि तसंच तापलेलं गाडीत कोंबायचंही नाही.

खर्च, लोक आणि पैदास

महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाका, बैलजोडीच्या खर्चासारखीच. विमा मिळतो, पण आधीपासून असलेलं दुखणं त्यात बसत नाही. डॉक्टरला सरळ सांगा की एवढा खर्च झेपतो; चांगला डॉक्टर त्यात कोणती तपासणी आधी करायची ते सांगतो. लाज वाटून अर्धेच उपचार करण्यापेक्षा हे परवडतं.

ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याला कळवा आणि त्याच्या भावंडांना असाच त्रास आहे का ते विचारा. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. पाच आठवड्यांचं विकणाऱ्याकडून पुढच्या वेळी घेऊ नका.

तुमचं कुत्रं दिसायला देखणं असेल तर ‘क्रॉसिंगला देता का’ विचारायला लोक मोटारसायकलवर येतील, पैसेही देऊ करतील. खुब्याचा दोष, अपस्मार, अ‍ॅलर्जी, अंगभर पसरलेला डेमोडेक्स, यांतलं काही असेल तर नाही म्हणा. नसबंदी करून घ्या म्हणजे दरवेळी कारण सांगत बसावं लागत नाही. मोठ्या जातीत सांध्यांची वाढ पुरी होऊ देण्यासाठी डॉक्टर ती बहुधा वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबवतात.

लग्नसराईत दोन-चार दिवस बाहेर जावं लागतंच. ज्याच्याकडे कुत्रं सोडाल त्याला आठवडाभर आधी बोलावून तुमच्यासमोर गोळी द्यायला लावा. वहीतलं औषधांचं पान फाडून त्याच्या भिंतीला चिकटवा, डॉक्टरचा नंबर त्यावरच लिहा. गोळ्या रोजच्या रोज वेगळ्या पुड्यांत बांधा, पुडीवर वार आणि ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ लिहा. आणि चपातीत घालून दिलेली गोळी पोटात गेली की नाही हे त्याला उभं राहून पाहायला सांगा. लॅबसुद्धा चपाती खाऊन गोळी तेवढी बाहेर टाकतो, आणि ती नंतर खाटेखाली सापडते.